पिकअपचा हेलकावा आणि स्वे बार : उपयोग, मर्यादा आणि कायदा

नवी दिल्ली : भाजीचे क्रेट केबिनच्या छतापर्यंत रचलेला पिकअप घाटातील वळणावर येतो. चालक स्टिअरिंग फिरवतो, गाडी वळते आणि तिचा मागचा भाग बाहेरच्या अंगाला झुकतो. वळण संपल्यावरही गाडी लगेच स्थिरावत नाही. एकदोन हेलकावे घेऊनच सरळ होते. मालवाहतुकीच्या व्यवसायातील प्रत्येकाला हा अनुभव परिचित आहे. त्यावरील एक उपाय म्हणून मागच्या एक्सलला बाहेरून विकत घेतलेला जाड पोलादी दांडा जोडण्याची पद्धत आहे. या दांड्याला स्वे बार म्हणतात.

स्वे बारमुळे वाहनाचे झुकणे निश्चितपणे कमी होते. मात्र त्यामुळे वाहनाची भार वाहण्याची क्षमता वाढत नाही, मालाची उंची कमी होत नाही आणि वाहन उलटण्याचा धोकाही फारसा टळत नाही. झुकणे आणि उलटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील फरक लक्षात न घेता हा दांडा बसवला, तर सुरक्षिततेसाठी केलेला खर्चच चालकाला अधिक वेगाकडे आणि अधिक भाराकडे नेऊ शकतो. म्हणून हा भाग कसा काम करतो, कोठे उपयोगी पडतो, कोठे निरुपयोगी ठरतो आणि तो बसवण्याबाबत भारतातील कायदा काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

नावांचा गोंधळ

या भागाला स्वे बार, अँटी-रोल बार आणि स्टॅबिलायझर बार अशी तीन नावे आहेत. तिन्हींचा अर्थ एकच. भारतातील गॅरेजमध्ये बहुधा स्टॅबिलायझर हाच शब्द ऐकू येतो. दांड्याच्या टोकाला जोडलेल्या छोट्या दुव्याला कारागीर स्टॅबिलायझर लिंक किंवा जंपिंग रॉड म्हणतात.

याच्याशी नामसाधर्म्य असलेले इतर भाग वेगळे आहेत. पॅनहार्ड रॉड हा एक्सलला डावीउजवीकडे सरकण्यापासून रोखतो. झुकण्याशी त्याचा थेट संबंध नाही. ओढून नेण्याच्या ट्रेलरची शेपटी डोलू नये म्हणून जोडणीच्या ठिकाणी बसवल्या जाणाऱ्या साधनालाही अमेरिकेत कधी कधी स्वे बार म्हटले जाते. तेही निराळे साधन आहे. पाट्यांना मदत म्हणून बसवले जाणारे हेल्पर स्प्रिंग किंवा हवेच्या पिशव्या मागचा भाग खाली बसू देत नाहीत. स्वे बार हे काम करत नाही. दोन्ही चाके एकाच वेळी सारखीच वर-खाली होत असतील, तर स्वे बार जवळजवळ निष्क्रिय राहतो. म्हणूनच भार टाकल्यावर गाडी मागून बसत असेल, तर त्यावर स्वे बार हा उपाय नव्हे.

पिळाचे बळ

स्वे बारची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांताच्या फ्रेडरिक्टन शहरातील स्टीफन कोलमन यांना २२ एप्रिल १९१९ रोजी अशा दांड्याचे पेटंट मिळाले होते. मूळ तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही.

स्प्रिंगच्या पोलादाचा हा दांडा साधारणपणे इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वाकवलेला असतो. त्याचा मधला आडवा भाग रबरी किंवा पॉलियुरेथेनच्या बुशमध्ये धरलेला असतो आणि त्यात तो फिरू शकतो. दोन्ही टोकांचे बाहू लिंकद्वारे जोडलेले असतात. पिकअपच्या मागच्या बाजूला बहुधा मधला भाग एक्सलवर बांधतात आणि टोके चेसिसला जोडतात. काही रचनांमध्ये याच्या उलट असते.

वाहन वळणावर झुकू लागले की एका बाजूला चेसिस आणि एक्सल यांतील अंतर कमी होते, तर दुसऱ्या बाजूला ते वाढते. त्यामुळे दांड्याचा एक बाहू वर आणि दुसरा खाली ढकलला जातो आणि मधल्या भागाला पीळ पडतो. पोलाद या पिळाला विरोध करते. हाच विरोध बाहेरच्या बाजूला चेसिसला आधार देतो, आतल्या बाजूला त्याला खाली ओढतो आणि झुकणे मर्यादित ठेवतो. ओला कपडा पिळताना दोन्ही हातांना जो प्रतिकार जाणवतो, त्याच स्वरूपाचे हे बळ आहे.

दांड्याचा प्रतिकार त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा दांडा घेतला, तर व्यासात केवळ दहा टक्के वाढ होते. पण पिळाला होणारा विरोध सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. २५ ऐवजी ३० मिलिमीटरचा दांडा दुपटीहून अधिक ताठ असतो. बाहूंची लांबी कमी केली तरी ताठपणा वाढतो. काही दांड्यांच्या टोकांना दोन किंवा तीन छिद्रे असतात, ती याच कारणासाठी. २५ सेंटिमीटरच्या बाहूवर लिंक अडीच सेंटिमीटर आत घेतली, तरी ताठपणात सुमारे २३ टक्क्यांची भर पडते.

याच गणितामुळे पोकळ दांडेही उपयोगी ठरतात. बाहेरील व्यासाच्या निम्म्या व्यासाची पोकळी ठेवल्यास दांड्याचे वजन एक चतुर्थांशाने घटते, ताठपणा मात्र सहा टक्क्यांच्या आसपासच कमी होतो. तात्पर्य असे की दोन मिलिमीटरचा फरक हा किरकोळ फरक नव्हे आणि केवळ जड दिसतो म्हणून एखादा दांडा अधिक चांगला ठरत नाही.

पिकअपचा मागचा भाग वेगळा का?

अनेक पिकअपमध्ये पुढच्या चाकांना कारखान्यातूनच स्टॅबिलायझर बसवलेला असतो, मागे मात्र तो नसतो. ही उत्पादकाची काटकसर असते असा समज आहे. पण त्यामागे तांत्रिक कारणे आहेत.

पिकअपचे मागचे सस्पेन्शन बहुधा एकसंध एक्सल आणि पाट्यांचे असते. पाटे भार पेलतात, एक्सलला जागेवर धरतात आणि काही प्रमाणात झुकण्यालाही विरोध करतात. पूर्ण भार वाहण्यासाठी घडवलेले हे पाटे रिकाम्या गाडीला फार कडक असतात. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन थोडे असते आणि बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाची शक्ती मागच्याच चाकांना जाते. अशा अवस्थेत मागे ताठ दांडा बसवला, तर वळणावर आतले चाक हलके होऊन जमिनीवरची पकड सोडू शकते.

पिकअप दिवसाच्या सुरुवातीला रिकामा असतो, दुपारी पूर्ण भरलेला असतो आणि संध्याकाळी पुन्हा रिकामा होतो. त्याच्या वजनात इतका बदल होतो की एका अवस्थेला योग्य असलेला ताठपणा दुसऱ्या अवस्थेला अयोग्य ठरतो. प्रवासी मोटारीत ही अडचण फार कमी असते.

बाहेरून स्वे बार जोडण्याची पद्धत अमेरिकेत रुजली ती मुख्यतः एका विशिष्ट वापरामुळे. तेथे पिकअपच्या हौद्यात राहण्याची छोटी खोली बसवून दूरचा प्रवास करण्याची प्रथा आहे. ही खोली उंच आणि जड असते. तिचा गुरुत्वमध्य हौद्याच्या तळापासून बराच वर असतो आणि शेकडो किलोमीटरच्या प्रवासात भार तोच राहतो. आडवा वारा किंवा शेजारून जाणारा मोठा ट्रक अशा वाहनाला हेलकावे देतो. सतत एकसारखा उंच भार वाहणाऱ्या वाहनाला मागचा स्वे बार खरोखर उपयोगी पडतो.

भारतातही ज्या पिकअपवर कायमस्वरूपी उंच बांधणी असते, त्यांची स्थिती या उदाहरणाच्या जवळ जाते. फिरते उपाहारगृह, शीतपेटी किंवा दुरुस्तीचे साहित्य ठेवण्याचे बंदिस्त कपाट बसवलेले वाहन ही त्याची उदाहरणे होत. रोज वेगळा माल आणि वेगळे वजन वाहणाऱ्या पिकअपला हा लाभ तितका मिळत नाही.

झुकणे वेगळे, उलटणे वेगळे

वाहन उलटण्याची शक्यता मोजण्यासाठी अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था एक साधे गुणोत्तर वापरते. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की ते मिळते. गुणोत्तर जितके मोठे, तितके वाहन उलटायला कठीण. सामान्य मोटारींमध्ये ते बहुधा १.३० ते १.५० असते, उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅन यांच्यात ते बहुधा १.०० ते १.३० या दरम्यान असते.

एका कल्पित उदाहरणावरून याचा अर्थ स्पष्ट होईल. एका पिकअपच्या चाकांमधील अंतर १.४५ मीटर आहे आणि रिकामा असताना गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७० मीटर उंच आहे, असे समजू. गुणोत्तर सुमारे १.०४ येते. आता हौद्यात उंच माल रचल्यामुळे एकत्रित गुरुत्वमध्य १ मीटरवर गेला. गुणोत्तर ०.७३ पर्यंत घसरते.

हाच पिकअप ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने गेला, तर त्याला बाहेर ढकलणारे बल त्याच्या वजनाच्या एक चतुर्थांश असते. वेग ६० झाला की ते वजनाच्या ५७ टक्क्यांवर जाते आणि ताशी ७० ला ७७ टक्क्यांवर. वेग केवळ पावणेदोन पट झालेला असतो, बल मात्र तिप्पट होते. रिकामी गाडी अशा वेगात उलटण्याआधी बहुधा घसरेल, कारण कोरड्या रस्त्यावरही टायरची पकड त्याच सुमारास संपते. उंच भार असलेली गाडी मात्र ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास, घसरण्याची वाट न पाहता, थेट उलटण्याच्या सीमेवर पोहोचते. प्रत्यक्षात सस्पेन्शन आणि टायर दबतात, माल सरकतो, रस्त्याला खड्डा असतो. त्यामुळे ही सीमा हिशेबापेक्षाही आधी येते.

या गुणोत्तरात स्वे बारला स्थान नाही. दांडा चाकांमधील अंतर वाढवत नाही आणि मालाची उंची कमी करत नाही. झुकल्यामुळे गुरुत्वमध्य बाहेरच्या बाजूला जितका सरकतो, तेवढ्यापुरता दांड्याचा थोडा लाभ होतो. पण तो लाभ मर्यादित असतो. मालाचे चार थर कमी केल्याने मिळणारी सुरक्षितता त्यातून मिळत नाही.

खरा प्रश्न चालकाच्या अंदाजाचा आहे. गाडीचे झुकणे हा चालकाला मिळणारा इशारा असतो. वर्षानुवर्षे तीच गाडी चालवणारा माणूस बसल्या जागी जाणवणाऱ्या कलावरून वेग ठरवतो. दांडा बसवल्यावर तोच वेग कमी धोक्याचा वाटू लागतो. उलटण्याची सीमा जवळपास तेथेच राहते आणि तिची आगाऊ सूचना मात्र क्षीण होते.

अर्धवट भरलेल्या पाण्याच्या टाकीच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला धावते आणि वळण संपताना उलट दिशेला आदळते. दांडा चेसिस आणि एक्सल यांच्यातील हालचाल रोखतो. टाकीतील पाण्याची हालचाल रोखण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. त्यासाठी टाकीच्या आत आडपडदेच हवेत. मोकळी उभी जनावरे आणि न बांधलेली पोती यांनाही हेच लागू पडते.

पुढचा आणि मागचा तोल

वळणावर आतल्या चाकांवरील वजन बाहेरच्या चाकांकडे जाते. एकूण किती वजन सरकणार, हे वाहनाचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर आणि वळणाचा वेग यांवर ठरते. स्वे बार ही एकूण बेरीज फारशी बदलत नाही. ती पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये कशी वाटली जाईल, एवढेच तो ठरवतो.

मागे ताठ दांडा बसवला की वजनाच्या स्थलांतराचा मोठा वाटा मागच्या एक्सलवर येतो. एका एक्सलच्या दोन चाकांवर भार विषम झाला की त्या एक्सलची एकत्रित पकड घटते. परिणामी मागचा भाग आधी घसरण्याकडे वाहनाचा कल वाढतो. उत्पादक मात्र बहुधा वाहनाची रचना अशी करतात की मर्यादा ओलांडल्यास पुढची चाके आधी घसरावीत. पुढचा भाग घसरला तर सामान्य चालक आपोआप वेग कमी करतो आणि गाडी ताब्यात येऊ शकते. मागचा भाग घसरला तर गाडी गिरकी घेते आणि तिला सावरणे फार थोड्यांना जमते. पहिल्या पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावरून रिकामा पिकअप परत आणताना हा फरक निर्णायक ठरू शकतो.

आधुनिक वाहनांत यात आणखी एक घटक आहे. इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणाली गाडी चालकाने ठरवलेल्या दिशेने जात आहे की नाही हे सतत तपासते आणि गरज भासल्यास एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून ४,५३६ किलोपर्यंत एकूण वजनाच्या नव्या हलक्या वाहनांना ती सक्तीची आहे. ही प्रणाली त्या वाहनाच्या मूळ सस्पेन्शनला अनुसरून जुळवलेली असते. सस्पेन्शनमध्ये बाहेरून बदल केल्यास तिचे आडाखे काही प्रमाणात चुकू शकतात.

उत्पादकांनाही हा तोल सहज साधत नाही. स्वीडनमधील ‘टेक्निकेन्स वर्ल्ड’ या नियतकालिकाच्या अडथळा चुकवण्याच्या चाचणीत १९९७ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास मोटार उलटली, तेव्हा कंपनीला सस्पेन्शनमध्ये बदल करून स्थैर्य नियंत्रण प्रणाली बसवावी लागली. २०१६ मध्ये याच नियतकालिकाच्या चाचणीत टोयोटाचा हायलक्स पिकअप दोन चाकांवर उचलला गेला. त्यानंतर कंपनीने सुधारणा केल्या. चाचणीपथ, मोजमापाची साधने आणि अभियंते हाताशी असलेल्या कंपन्यांनाही जेथे पुन्हा काम करावे लागते, तेथे केवळ व्यास पाहून निवडलेला दांडा योग्यच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

खडबडीत वाटेवर

स्वे बार दोन चाकांना एकमेकांशी बांधतो. सपाट रस्त्यावरील वळणात हा गुण आहे. खाचखळग्यांत तो दोष ठरतो. एक चाक दगडावर चढले की दांडा दुसऱ्या बाजूलाही तो हिसका पोहोचवतो. शेतातील चाकोरीत किंवा नदीपात्रात चाकांनी स्वतंत्रपणे वर-खाली होऊन जमीन धरून ठेवणे आवश्यक असते. ताठ दांड्यामुळे एखादे चाक अधांतरी राहते आणि जागेवरच फिरते.

यासाठीच जीपच्या रँग्लर आणि ग्लॅडिएटर या वाहनांच्या रुबिकॉन आवृत्तीत पुढचा स्वे बार बटण दाबून तात्पुरता सोडवण्याची सोय असते. रस्त्यावर येताच तो पुन्हा जोडला जातो. बाजारातील साध्या दांड्यांना अशी सोय क्वचितच असते. ज्या वाहनाचा निम्मा प्रवास कच्च्या वाटेवर होतो, त्याच्या मालकाने म्हणूनच मागच्या ताठ दांड्याचा विचार जपून करावा.

बसवताना घ्यावयाची काळजी

दांडा बसवण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. तो त्या विशिष्ट वाहनासाठी, त्या चाकतळासाठी आणि त्या एक्सलसाठी बनवलेला असावा. दुसऱ्या वाहनाचा दांडा जागेवर बसतो म्हणून तो योग्य ठरत नाही.

काम सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून आणि चाकांना अडण्या लावून करावे. वाहन उचलायचे असल्यास केवळ जॅकच्या भरवशावर त्याखाली जाणे जिवावर बेतू शकते. भक्कम स्टँड आवश्यक आहेत. बोल्ट आधी हाताने लावून ठेवावेत आणि अखेरचे आवळणे वाहनाचे वजन चारही चाकांवर आल्यानंतरच करावे. चाके अधांतरी असताना रबरी बुश पक्के आवळले, तर गाडी खाली उतरवताच त्यांना कायमचा पीळ पडतो आणि ते लवकर फाटतात.

लिंक आणि दांड्याचा बाहू यांच्यात साधारण काटकोन असावा आणि रिकामे वाहन सपाटीवर उभे असताना दांड्यावर कोणताही ताण नसावा. ब्रेकची नळी, सायलेन्सरचा पाइप, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, डिफरन्शियल आणि खाली टांगलेले जादा चाक यांच्यापासून दांड्याला पुरेसे अंतर हवे. ते अंतर पाटे पूर्ण दबलेले असताना आणि चाक पूर्ण खाली लोंबत असतानाही राहिले पाहिजे. ब्रेकच्या नळीला घासणारा दांडा हेलकाव्यापेक्षा कितीतरी घातक आहे.

चेसिसला मनाने छिद्र पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे. चेसिसचे पोलाद उष्णतेने कमकुवत होऊ शकते आणि चुकीच्या जागी पाडलेल्या छिद्रापासून तडा सुरू होतो. बोल्ट ठरवून दिलेल्या मापानेच आवळावेत आणि काही शे किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत. पॉलियुरेथेनच्या बुशला ठरावीक काळाने योग्य ग्रीस लागते, अन्यथा ते करकरते. लिंकमधून खडखड ऐकू येऊ लागली, तर ती झिजल्याची ती खूण असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरणारा बदल कलमाला मान्य नाही, असा त्या निर्णयाचा रोख आहे.

त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अधिनियमात कलम १८२-अ समाविष्ट झाले. सुटे भाग बाहेरून जोडण्यासह, कायद्याने परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

स्टॅबिलायझर दांड्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात नसते. त्यामुळे तो बसवणे म्हणजे प्रमाणपत्रातील तपशील बदलणे नव्हे, असा युक्तिवाद होऊ शकतो. दुसरीकडे, वाहनाला मिळालेली मान्यता उत्पादकाने सादर केलेल्या रचनेला असते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या अधिकृत संस्था जे नमुना वाहन तपासतात, त्यात बाजारातून आणलेला दांडा नसतो. म्हणून बदल करण्यापूर्वी उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राकडे लेखी विचारणा करणे आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे मत घेणे हाच निर्धोक मार्ग आहे. विमा कंपनीलाही बदलाची माहिती द्यावी. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरू शकतो. उत्पादकाच्या स्वतःच्या सुट्या भागांच्या यादीत त्याच मॉडेलसाठी मागचा स्टॅबिलायझर उपलब्ध असेल, तर प्रथम पसंती त्याला द्यावी.

जादा भाराबाबत मात्र कायद्यात कोणतीही संदिग्धता नाही. कलम १९४ नुसार परवानगीपेक्षा अधिक भार वाहिल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. स्वे बार, हेल्पर स्प्रिंग किंवा जादा पाटे बसवले म्हणून नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनाची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. ब्रेक, एक्सल, बेअरिंग आणि टायर जुनेच राहतात.

आधी काय तपासावे?

वाहन पूर्वीपेक्षा अधिक झुकत असेल, तर त्याचे कारण बहुधा एखाद्या झिजलेल्या भागात असते. म्हणून नवा भाग जोडण्याआधी जुने भाग तपासणे योग्य ठरते. टायरमधील हवा भारानुसार आहे का, हे पहिले पाहावे. मऊ टायरची बाजू वळणावर दुमडते आणि ते झुकणे सस्पेन्शनचे असल्यासारखे भासते. त्यानंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत आहेत का, पाट्यांपैकी एखादा तुटला आहे का, पाट्यांचे बुश आणि शॅकल झिजले आहेत का, यू बोल्ट सैल आहेत का आणि पुढच्या मूळ स्टॅबिलायझरच्या लिंक शाबूत आहेत का, हे पाहावे. वळणानंतरही हेलकावे सुरू राहत असतील, तर दोष बहुधा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा असतो. कारण हेलकावा शमवण्याचे काम त्यांचे आहे, स्वे बारचे नाही.

दुसरी पायरी मालाच्या मांडणीची. जड माल तळाला आणि हलका वर, वजन दोन्ही बाजूंना सारखे आणि मोठा वाटा मागच्या एक्सलच्या पुढे, अशी रचना असावी. माल दोराने किंवा पट्ट्यांनी असा आवळावा की वळणावर तो हलणार नाही. टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असणे अर्ध्या टाकीपेक्षा बरे. या उपायांना जवळजवळ खर्च नाही आणि ते थेट गुरुत्वमध्यावर परिणाम करतात.

एवढे करूनही कायम उंच बांधणी असलेल्या वाहनाचा हेलकावा कमी होत नसेल, तर स्वे बारचा विचार रास्त ठरतो. तेव्हाही बाजारातील सर्वांत जाड दांड्याकडे न वळता त्या वाहनासाठी सुचवलेला, शक्य असल्यास ताठपणा कमी-अधिक करता येणारा दांडा निवडावा. तो सर्वांत मऊ स्थितीत बसवावा आणि भरलेल्या तसेच रिकाम्या वाहनाने, कोरड्या रस्त्यावर, कमी वेगात त्याची पारख करावी. ओल्या रस्त्यावर पहिले काही दिवस विशेष सावध राहावे.

मालवाहू पिकअप माणसांच्या वाहतुकीसाठी नसतो. तरीही शेतमजूर आणि वऱ्हाडी मंडळी हौद्यात उभी राहून प्रवास करताना देशाच्या अनेक भागांत दिसतात. उभी माणसे म्हणजे सर्वांत उंच आणि सर्वांत अस्थिर भार. वळणावर प्रत्येक जण एकाच बाजूला रेलतो आणि गाडी उलटली, तर त्यांना रोखून धरणारे काहीही नसते. अशा प्रवासाला कोणताही दांडा सुरक्षित करू शकत नाही. पिकअपचा हेलकावा हा पुष्कळदा सस्पेन्शनच्या उणिवेपेक्षा भाराची उंची आणि वळणाचा वेग यांबाबतचा इशारा असतो. तो इशारा पोलादाने दाबून टाकण्यापूर्वी त्याचे कारण दूर करणे, हेच चालकाच्या आणि रस्त्यावरील इतरांच्या हिताचे आहे.